ओडेसाचा रबरी बेडूक

माझा नवरा लेरॉय तळ्यातून बास मासे आणायचा आणि मी ते तळायचे. पन्नास वर्षांत मी स्वतः एकही धरला नव्हता. तो गेला, तेव्हा या उन्हाळ्यात एक तरी धरायचाच असं ठरवलं.

पाण्यावर नाचणारी नकली आमिषं मी रविवारी चर्चला घालायच्या हॅटला शोभतील असे रंग बघून घेतली. त्यातलं लाल, गळ लोंबणारं आमिष काठच्या कमळपानांत फेकलं, की दर वेळी शेवाळाचा भारा वर यायचा.

“वर्लीन, आज पालेभाजी का गं?” शेजारच्या ओडेसाने विचारलं आणि आपला पोकळ रबरी बेडूक दिला. त्याचे गळ पाठीला चिकटलेले असतात, म्हणून तो पानांवरून सरसर सरकतो.

मी तो फेकला आणि पाणी उसळलं. मी लगेच हिसका दिला, तर बेडूक उडून माझ्याच हॅटवर बसला.

“अगं, माशाला तोंड मिटू दे! लेरॉयलाही तू कधी वाक्य पुरं करू दिलं नाहीस.”

खरंच होतं ते. पुढच्या उसळीला मी दात आवळून दोरी ताणली जाईपर्यंत थांबले, मगच ओढलं. चार पौंडांचा निघाला!

दुपारी मक्याच्या पिठात घोळवून तळला. ओडेसालाही एक तुकडा दिला. ती उठायचं नावच घेईना.