धोंडूनानांचं पान

सुरुवातीलाच सांगतो, मी असल्या गोष्टींना हसणारा माणूस. अवसरी खुर्दला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. वायर तुटली की करंट बंद, एवढंच माझं अध्यात्म! पण गेल्या सर्वपित्री अमावस्येला, तळेघरला आमच्या घरामागे, भर दुपारी जे पाहिलं... ते अजून पचलेलं नाही.

धोंडूनाना म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे चुलते. मुंबईहून बोटीवर कोळसा ओढायला गेले, सिंगापूरला उतरले आणि तिथे इंग्रजांशी लढायला निघालेल्या आपल्या लोकांत सामील झाले. घरी एकच पत्र आलं. माणूस काही आला नाही. बारा वर्षं वाट पाहून घरच्यांनी पितरांत त्यांचंही पान ठेवायला सुरुवात केली.

बाकीच्या पितरांची पानं कावळे पाच मिनिटांत फस्त करतात. नानांच्या पानाला शिवत नाहीत. माझ्या आठवणीत एकदाही नाही. दरवर्षी अण्णा हात जोडून काहीबाही कबूल करायचे — जमिनीत तुझा हिस्सा ठेवलाय, घर नीट सांभाळतो — आणि शेवटी आई ते पान गाईला घालायची.

या वेळी मात्र अण्णा अडून बसले. "नाना जेवल्याबिगर मी जेवणार न्हाई. पुढल्या साली मी आसंन नसंन."

वय ऐंशी, त्यात सकाळी इन्सुलिन घेतलेलं. दोन वाजले. हात थरथरायला लागले, कपाळावर घाम... साखर पुढे केली तर तोंड फिरवलं. मी जाम घाबरलो आणि चिडलोही. एका पक्ष्यापायी बाप घालवायचा का?

अण्णा ऐकतात ते फक्त थोरल्या बहिणीचं. म्हणून पिंपळवंडीला आत्याला फोन लावला, स्पीकर चालू केला. लग्न झाल्यापासून दर सर्वपित्रीला ती सासरच्या पितरांच्या स्वयंपाकात, त्यामुळे माहेरचं हे पान तिने कधी पाहिलेलंच नव्हतं. कावळा शिवत नाही हेही तिला आत्ताच कळलं.

"आरं, कसा शिवंल?" ती म्हणाली. "आजी चुलीपुढं बसून त्याचं पत्र म्हणायची, पाठ व्हतं तिला. इंग्रज देशातनं जाईस्तवर घरच्या अन्नाला शिवणार न्हाई, आसं लिवलं व्हतं त्यानं. ते गेल्याचं कुणी सांगितलं का त्याला?"

जमिनीचं सांगितलं, घराचं सांगितलं. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

अण्णा भिंतीला धरून उठले. "नाना, इंग्रज गेलं! लई वर्सं झाली. आपलंच राज्य हाय आता. जेव बाबा."

घरामागच्या जांभळीवर बसलेला कावळा उतरला, सरळ नानांच्या पानावर. आधी वडा उचलला, मग भात...

योगायोग असेल. भूक लागली असेल त्याला. पण सकाळपासून तो त्याच फांदीवर बसून होता, हेही मीच पाहिलंय. कुणाला कारण माहीत असेल तर जरूर सांगा, मला सापडलेलं नाही.

मी अण्णांच्या तोंडात साखर कोंबली. ती चघळत ते लहान पोरासारखे रडत होते.

"इतकी वर्सं आपुनच उपाशी ठिवला रं त्याला."