नवख्यांचे तबलजी

हुमनाबादच्या आमच्या गायन मंडळात नवखा गायक आला की एक तबलजी हटकून साथीला बसत. मुरलेल्या गायकांना म्हणत, "तुमाला काय, कुणीबी साथ देतंय." तोंडभर कौतुक त्यांनी कधी केलं नाही. गाणं आवडलं तर एवढंच म्हणायचे, "फिरून म्हण."

एकदा एक धनगर गडी पहिल्यांदाच गात होता. मध्येच तहसीलदार आले. निजामाच्या राज्यात जलशाची परवानगी त्यांच्याच हातात, म्हणून आम्ही सगळे उठलो. गडीही गाणं सोडून उठला. तबलजींनी मात्र बसल्या जागी ठेका चालूच ठेवला.

"तू कामून उठलास, अप्पा? फिरून म्हण."

गडी बसला, गाऊ लागला. साहेब क्षणभर थबकले आणि दारातल्या जोड्यांपाशीच मांडी घालून बसले.