देवाणघेवाणीच्या व्हिसावर आलेली मुलगी

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मान खाली जाते. पोलीस खात्यात मी चोर पकडले, दरोडेखोर पकडले, त्याचं लोकांनी कौतुकही केलं. हे प्रकरण मात्र निवृत्तीनंतरचं, मस्कतमधलं आहे. यात मी एका मुलीला पकडलं, आणि तिने कसलाही गुन्हा केला नव्हता.

निरीक्षक म्हणून निवृत्त झालो तेव्हा हातपाय धड होते. घरात बसून चिडचिड करण्यापेक्षा बरं, म्हणून मत्रहजवळच्या एका मोठ्या हॉटेलात सुरक्षा प्रमुखाची नोकरी धरली आणि शहरातल्याच वादी अदाई भागात राहायला जागा घेतली. खाकी उतरली तरी सवयी उतरल्या नव्हत्या. गेटवरची हजेरी, चाव्यांची ने-आण, बाहेर जाणारं सामान, सगळ्यांची रजिस्टरं मी पोलीस ठाण्यासारखी लावून घेतली. रोज सकाळी ती स्वतः तपासायचो.

हॉटेलला माणसं कमी पडत होती. बाहेरून कायमचे कामगार आणायचे तर परवानग्यांना महिनेच्या महिने लागत. मग तिथल्या एचआर मॅनेजरने दुसरी वाट शोधली, देवाणघेवाणीच्या व्हिसाची. भारतातल्या हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थांमधली मुलं वर्षभरासाठी पाहुणे प्रशिक्षणार्थी म्हणून यायची, चार विभागांत तीन-तीन महिने शिकायची आणि प्रमाणपत्र घेऊन परत जायची. ओमानमधली मुलं तशीच भारतात जायची, असं ठरलं होतं. कागदावर योजना झकास होती. प्रत्यक्षात इथून कोणी गेलं नाही, आणि आलेली चौदा मुलं लॉन्ड्री आणि भांडी धुण्याच्या जागेतून हलली नाहीत.

एके दिवशी मॅनेजरने मला बोलावून एक पत्र पुढे टाकलं. कोणा प्रशिक्षणार्थीने आपल्या वसईकडच्या संस्थेच्या प्राचार्यांना निनावी लिहिलं होतं. सोबत ड्यूटीच्या तक्त्याचा फोटो. आमची कामं बदलून मिळत नाहीत, कृपया येऊन पाहा, एवढीच मागणी. प्राचार्यांनी येऊन पाहायचं सोडून ते पत्र जसंच्या तसं हॉटेलला पाठवून दिलं होतं. पुढची तुकडी यायची होती. असंच पत्र सरकारी खात्यात गेलं तर योजना बंद पडेल, या विचाराने मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "साब, आप पोलीसवाले हो. मुझे नाम चाहिए," तो म्हणाला. निवृत्त झाल्यापासून मला कोणी पोलीसवाला म्हटलं नव्हतं. मी हुरळून गेलो.

तपास सोपा होता. तक्ते लॉन्ड्रीच्या ऑफिसात कुलपात असत. फोटोतल्या तक्त्यावर आठवडा लिहिलेला होता, आणि त्या आठवड्यात ऑफिसची चावी नेलेल्यांत दोनच प्रशिक्षणार्थींच्या सह्या सापडल्या. एक रत्नागिरीकडचा मुलगा, दुसरी वसईची मुलगी. मुलाला आधी बोलावलं. "मला ठाव नाय, सर," एवढंच तो अर्धा तास म्हणत राहिला. अशी माणसं दटावून बोलत नाहीत, हा माझा अनुभव आहे. मी त्याला जाऊ दिलं.

मुलगी दुपारी जेवणानंतर आली. वीस-एकवीस वर्षांची, साबणाच्या पाण्याने बोटांना भेगा पडलेल्या. मी दार उघडंच ठेवलं, चहा मागवला आणि मराठीत गाव विचारलं. तिच्या भागात मी चार वर्षं काढली होती. तिथल्या केळीच्या वाड्या, चर्चच्या सणाचा बंदोबस्त, सगळं मी बोलण्यात आणलं. दहा मिनिटांत मी सरचा काका झालो. मग माझं नेहमीचं वाक्य टाकलं.

"बाळ, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. मला सांगितलंस तर मी सांभाळून घेईन."

मला मुलगी नाही, दोन मुलगे आहेत. हे वाक्य मी नोकरीत कितीतरी वेळा वापरलं होतं आणि ते सहसा वाया गेलं नव्हतं.

"काका, पत्र मीच लिहिलं," ती म्हणाली. "आमाला सांगितलेलं, तीन महिने फ्रंट ऑफिसला ठेवणार. दहा महिने मी चादरीच घालते मशीनमध्ये. सर्टिफिकेटवर चारही डिपार्टमेंट लिहून देतील, मग घरी जाऊन इंटरव्ह्यूला मी काय सांगू? मला कोणाची कंप्लेंट नाय करायची. दोन महिने उरलेत, तेवढ्यात तरी शिकवा."

मी तिचा जबाब लिहून घेतला. शेवटी ठाण्यातल्या रिवाजाप्रमाणे, वाचून पाहिला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, असं घालून तिची सही घेतली. हा कागद तुझ्याच बाजूचा आहे, असंही सांगितलं. तासाभरात तो मॅनेजरच्या टेबलावर होता. पोरीला सांभाळून घ्या, असं मी त्याला म्हणालो खरा, पण निघता निघता, दारातून. तो हसला. "खलास, साब. आपका काम हो गया."

प्रशिक्षणातून नाव कमी झालं की तो व्हिसा संपतो, प्रमाणपत्रही मिळत नाही. तिसऱ्या दिवशी तिचं तिकीट आलं. जाणाऱ्याच्या फॉर्मवर सुरक्षा प्रमुखाची सही लागते, म्हणून ती माझ्याकडे आली. गणवेश, ओळखपत्र आणि लॉकरची चावी तिने टेबलावर ठेवली. मला तिच्याकडे बघवेना. तुमच्या संस्थेशी मी बोलतो, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"राहू द्या, काका," ती म्हणाली. "इथे माझ्याशी मराठीत एवढं कोणी बोललंच नव्हतं. मी बोलून गेले."

मी सही केली.

वाचकांना वाटेल, मी राजीनामा दिला असेल. दिला नाही. करार संपेपर्यंत नोकरी केली. वर्षअखेरीस सगळ्यांसमोर झालेला सत्कारही घेतला. संस्थेला फोन केला नाही. पुढची तुकडी ठरल्या दिवशी आली आणि लॉन्ड्रीत रुजू झाली.

मी कधी कोणावर हात उचलला नाही, गोड बोलून जबाब काढले, याचा मला नोकरीभर अभिमान होता. आता त्याचीच लाज वाटते. निर्ढावलेला माणूस गोड बोलण्याला भुलत नाही. भुलतो तो आपल्यावर विश्वास टाकणारा, आणि त्याला पकडायला कसलीही अक्कल लागत नाही. हे कळायला मला म्हातारपण यावं लागलं.

त्या दुपारी मी तिला पुष्कळ प्रश्न विचारले. फोटो कधी काढला, कोणाच्या मोबाइलवर काढला, आणखी कोणाला माहीत आहे. पत्रात लिहिलंय ते खरं आहे का, हे मात्र विचारलं नाही. ती मुलं रोज सकाळी माझ्यासमोरून लॉन्ड्रीकडे जात होती, आणि ते खरं आहे हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं.