दिवाकरनची डावीकडची नजर

सुधर्माच्या नवऱ्याचा आवाज कुठेच राहिला नव्हता.

कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत नाटकांच्या कॅसेटी होत्या. त्यात सुधर्माचा आवाज भरपूर होता. राणीचा, विधवेचा, पोलीस चौकीत टाहो फोडणाऱ्या आईचा. देवळाच्या उत्सवात नाहीतर चर्चच्या सणात, कापणी झालेल्या भातशेतावर मंडप उभा राहायचा, लाउडस्पीकरवर नाटकमंडळींचं नाव घुमायचं, आणि दोन गावं पलीकडची माणसं दव पडत असतानाही चटई डोक्यावर घेऊन बसून राहायची. त्या प्रत्येक कॅसेटमध्ये तिचा नवरा दिवाकरनही होता. तिच्यापासून चार हातांवर, डावीकडच्या विंगेत, बुटक्या स्टुलावर, मांडीवर संहिता घेऊन. पण तो ऐकू येत नाही. ऐकू येऊ नये हीच तर त्याची कला होती. रंगमंचावर वरून माइक लोंबत असायचे. त्यांना पत्ता लागू न देता शब्द नटीच्या कानात घालायचा, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. दुसरे प्रॉम्प्टर पुटपुटायचे, फुसफुसायचे, पहिल्या रांगेत हशा पिकायचा. दिवाकरनचं वाक्य मात्र सुधर्माला असं मिळायचं, जसं काही ते तिलाच आठवलं आहे.

तिला पाठांतर कधी जमलं नाही. हे गुपित मंडळींत सगळ्यांना ठाऊक होतं आणि बाहेर कुणालाच नव्हतं. शब्द अडला की ती पदर सावरत डावीकडे बघायची. प्रेक्षक म्हणायचे, काय ती नजर, दुःखानं कशी भरून येते.

नाटकं थांबली, मंडळींची गाडी गंजली, आणि ही दोघं कायलाच्या, खाडीच्या पाण्याच्या काठच्या आपल्या दोन खोल्यांत येऊन राहिली. मूल नव्हतं. तो मासे साफ करायचा, ती कालवण करायची. तिला गावात अजून मान होता. लग्नाकार्यात तिला पुढच्या रांगेत बसवायचे आणि दिवाकरनला विचारायचे, "चेट्टा, पंगतीला किती पानं मांडली, जरा बघता का?" तोही उठून मोजायला जायचा.

अशात एके दिवशी श्रीराग आला. पलीकडच्या काठचा, सिनेमाचं शिक्षण घेऊन परतलेला मुलगा. आपला पहिला सिनेमा करणार होता, मित्रांकडून वर्गणी काढून. निरोप आधी आला होता, त्यामुळे सुधर्मानं जरीकाठाचं पांढरं सेट-मुंडू नेसलं, तोंडाला पावडर लावली आणि केळ्याची भजी तळून ठेवली. श्रीराग बसला, भजी खाल्ली, जुन्या नाटकांच्या गोष्टी ऐकल्या. पण त्याचं लक्ष मागच्या दाराकडे होतं. तिथे पायरीवर दिवाकरन उकिडवा बसून कप्पा, म्हणजे टॅपिओकाचे कंद सोलत होता.

"अम्मा," श्रीराग शेवटी म्हणाला, "मला मामांना घ्यायचंय."

"कुठे न्यायचंय?" सुधर्मानं विचारलं.

"सिनेमात. म्हाताऱ्या तरवाल्याचं काम आहे. पूल होतो, नाव बंद पडते, त्याची गोष्ट."

पायरीवरची सुरी थांबली. सुधर्मा हसली. रंगमंचावर मोठा घाव बसल्यावर हसायची तशी. "अरे मोने, लेकरा, तो माणूस आयुष्यात कधी उजेडात उभा राहिलेला नाही. त्याला काय येणार?"

"म्हणूनच, अम्मा," श्रीराग म्हणाला. त्या पोराच्या मनात वाईट काही नव्हतं.

त्या दिवसापासून घरात एक कुसळ शिरलं. दिवाकरन सकाळी कट्टन, बिनदुधाचा चहा घेऊन मागच्या पायरीवर बसायचा आणि संवाद घोकायचा. तिच्या कानावर पडू नये म्हणून आवाज दाबून घोकायचा, आणि तो दबका आवाज तर तिला जगात सगळ्यात चांगला ऐकू यायचा. शेवटच्या प्रसंगातलं वाक्य तो पुन्हापुन्हा घ्यायचा. तरवाल्याची मुलगी गाव सोडून निघाली आहे, आणि घाटाच्या पायरीवर तो तिला म्हणतो, "तू पलीकडे जा, मुली. मी इथे दिवा धरून उभा आहे."

"'मुली'च्या आधी थांबा जरा," एकदा सुधर्माच्या तोंडून आतून निघून गेलं.

तो दारात आला. "तू येतेस का शूटिंगला?"

"मी कशाला?"

"नुसती बाजूला बस. कॅमेऱ्यात येणार नाहीस. शब्द अडला तर सांग, एवढंच."

इतक्या वर्षांत त्यानं तिच्याकडे मागितलेली ही एवढीच गोष्ट. तिनं भाताचं झाकण काढून बघितलं, पुन्हा ठेवलं, आणि म्हणाली, "विंगेत बसायला मी जन्माला आले नाही."

त्यानं छत्री घेतली आणि गेला. दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशी गेला. संध्याकाळी परत यायचा तेव्हा ती मुद्दामच काही विचारायची नाही. एकदा त्यानंच सांगितलं, "तिथे पोरं मला मोठ्यानं बोला म्हणतात."

"मग बोला की. घसा कुणी बांधलाय?"

"बोलतो," तो म्हणाला.

शूटिंग संपलं. पुढच्या कर्कटकात, पावसाच्या महिन्यात, त्याच्या छातीत कफ धरला. शेजारच्या रमलाच्या नवऱ्यानं रिक्षातून इस्पितळात नेलं. तिथून दिवाकरन परत आला तो पांढऱ्या कापडात. आंब्याचं झाड तोडलं, दक्षिणेच्या कोपऱ्यात चिता रचली, पुतण्यानं अग्नी दिला. जन्मभर हळू बोलणारा माणूस गेलाही कुणाला त्रास न देता.

आवाज हरवल्याचं तिला महिन्यांनी कळलं. एका दुपारी तो कसा हाक मारायचा ते आठवायला गेली, तर चेहरा आला, हात आले, सुपारी कातरण्याची ढब आली, आवाज आला नाही. तिनं पेटी उतरवली, पुतण्याकडून कॅसेटचं यंत्र आणवलं, आणि स्वतःचे संवाद ऐकत बसली. प्रत्येक अडखळीपाशी कान लावला. तिथे, त्या निमिषभराच्या शांततेत, तो बोललेला होता. टेपवर नुसती खरखर होती.

मग तिला सिनेमा आठवला.

त्यानंतर ती सिनेमाची वाट पाहत जगली म्हटलं तरी चालेल. श्रीरागकडे पैसे संपले, मग मिळाले, मग सिनेमा तिरुवनंतपुरमच्या महोत्सवात गेला. वर्तमानपत्रात दिवाकरनचा फोटो छापून आला, हातात वल्हं घेतलेला. रमलानं तो कापून आणला. सुधर्मा म्हणाली, "फोटो आहेत गं माझ्याकडे. बोलताना दाखवतील तेव्हा खरं."

अखेर गावच्या वाचनालयानं खेळ ठेवला. रविवारी दुपारी, खिडक्यांना काळे पडदे बांधून. चिटणीस थंकच्चन दारात उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "सिनेमा झाल्यावर चर्चा आहे. चहा चर्चेनंतर. आधी चहा दिला की माणसं पळतात." सुधर्माला त्यांनी पहिल्या रांगेत बसवलं. तिनं तेच जरीकाठाचं वस्त्र नेसलं होतं. पावडर लावली नव्हती.

दिवे गेले. पाण्याचा आवाज आला, वल्ह्याचा आला. सुधर्मानं डोळे मिटून घेतले. ती बघायला आलीच नव्हती.

"पूल झाला म्हणजे पाणी जातं का कुठे?" एक भरदार, घोटलेला आवाज म्हणाला.

तिनं वाट पाहिली. आता याला तो उत्तर देईल. उत्तर दुसऱ्याच माणसानं दिलं, आणि पुन्हा तोच भरदार आवाज आला. तिनं डोळे उघडले. पडद्यावर दिवाकरनचे ओठ हलत होते.

"हा कोण बोलतोय?" तिनं रमलाला विचारलं.

"चेच्ची, तुमचेच तर ते."

"माणूस माझा आहे. बोलतोय कोण?"

 रमलानं नुसता तिचा हात धरला. सुधर्माला उठून जावंसं वाटलं, पण चालू खेळातून उठायचं नाही ही सवय पायांत मुरलेली. ती बसून राहिली. तो परका आवाज तिच्या नवऱ्याच्या तोंडून बोलत राहिला, आणि मागच्या रांगांत कुणीतरी म्हणालं, "आपला दिवाकरन चेट्टन इतका चांगला बोलायचा होय? कधी कळलंच नाही."

शेवटचा प्रसंग आला. घाटाची पायरी, संध्याकाळचा उजेड, हातात कंदील. मुलगी निघाली. दिवाकरननं तोंड उघडलं, थांबला, आणि डावीकडे पाहिलं.

सुधर्मा खुर्चीत पुढे सरकली. ती नजर तिची होती. तीस वर्षं तिनं तशीच नजर विंगेकडे टाकली होती. शब्द गेला होता त्याचा. तो शब्द मागत होता. वाक्य तिच्या ओठांशी आलं, आणि भर खेळात बोलू नये म्हणून तिनं ते गिळलं. पडद्यावर तो बराच वेळ तसाच डावीकडे बघत राहिला. मग काहीच न बोलता त्यानं पाठ फिरवली आणि पायऱ्या उतरू लागला. त्याच्या पाठीवर तो भरदार आवाज म्हणाला, "तू पलीकडे जा, मुली. मी इथे दिवा धरून उभा आहे."

टाळ्या पडल्या. दिवे लागले. चर्चेत शाळेचे निवृत्त मास्तर उभे राहिले. "ती शेवटची नजर," ते म्हणाले, "त्यात सगळा सिनेमा आहे. तरवाला बुडालेल्या बायकोला पाण्यात शोधतो. असा अभिनय शिकवून येत नाही." श्रीराग म्हणाला, "ते मामांचं स्वतःचं आहे, सर. माझ्या लिखाणात नव्हतं. मी कॅमेरा बंद केला नाही, एवढंच माझं."

मग थंकच्चननी माइक सुधर्मापुढे आणला. "आमच्या अम्मांचा अभिप्राय घेतल्याशिवाय चहा नाही."

ती उठली. एका वाक्यात ती सगळं उलटं करू शकत होती. आवाज त्यांचा नाही, आणि नजरही तुम्ही म्हणता ती नाही. तिनं मास्तरांकडे पाहिलं, बिचारे डोळे पुसत होते. घाबरून उभ्या असलेल्या श्रीरागकडे पाहिलं. गावातला पहिला खेळ होता पोराचा. दुसऱ्याचा पहिला खेळ पाडायचा नसतो, ते पाप नाटकवाला करत नाही.

"मास्तर म्हणतात ते खरं आहे," ती म्हणाली. "ती नजर शिकवून येत नाही." आणि खाली बसली.

चहा होऊन माणसं पांगली तेव्हा श्रीराग स्वतःच तिच्याजवळ आला. जमिनीवरच बसला. "अम्मा, आवाजाचं मी आधी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

"का बदललास?"

"मामांचा आवाज यंत्रात उतरलाच नाही. मोठ्यानं बोला म्हटलं की मान डोलवायचे, आणि पुन्हा तसंच बोलायचे. समोरच्या नटीला ऐकू जायचं. माइक अगदी छातीशी लावला तरी त्यात येत नव्हतं. मागाहून स्टुडिओत नेऊन शांतपणे बोलून घेऊ म्हटलं, तोवर..."

सुधर्मा किंचित हसली. "माइकला कळू द्यायचं नाही, हा त्याचा धर्म होता. तुझ्यासाठी मोडेल होय?"

मग तिनं विचारलं, "तो बघतो तिकडे, त्या बाजूला, कोण होतं उभं?"

"कुणी नाही, अम्मा. रिकामी खुर्ची होती. मामा रोज आल्या आल्या स्वतःच तिथे नेऊन ठेवायचे. आम्हाला वाटायचं, दमल्यावर बसायला असेल. पण तिच्यावर बसले नाहीत कधी. आम्हालाही बसू द्यायचे नाहीत."

सुधर्मानं मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले. रमला बाहेर चपला शोधत होती, तिचा आवाज येत होता.

"तेवढा प्रसंग पुन्हा लावशील?" सुधर्मा म्हणाली. "आवाज बंद करून."

श्रीरागनं पडदे पुन्हा ओढले. सुधर्मा उठली. आपली खुर्ची तिनं स्वतः उचलली, त्याला हात लावू दिला नाही, आणि पडद्याच्या डाव्या अंगाला, भिंतीशी, जिथून चित्र धड दिसतही नाही अशा जागी नेऊन ठेवली. पदर आवरून बसली.

घाट उजळला. मुलगी निघाली. दिवाकरननं तोंड उघडलं, थांबला, आणि तिच्याकडे पाहिलं.

"तू पलीकडे जा..." सुधर्मानं वाक्य दिलं. थोडं थांबून, जिथे थांबायचं तिथे, "मुली. मी इथे दिवा धरून उभा आहे."

मागे उभ्या असलेल्या श्रीरागला काहीच ऐकू गेलं नाही. जाऊ नयेच, इतकं नीट तिनं ते दिलं होतं.

दिवाकरन तिच्याकडे बघत राहिला, शब्दाची वाट पाहणाऱ्या माणसासारखा. मग त्यानं पाठ फिरवली, आणि त्या दिवशी उतरला होता तसाच, काही न बोलता, पायऱ्या उतरून गेला.