वलगाव फाट्यावरची एक जागा

सून सांबार चिराले बसली की मी अंगणात जाऊन बसतो. कोथिंबिरीले आमच्याकडं सांबार म्हणतात. त्याचा वास मले आता सोसत नाही.

त्या दिवशी सकाळी एसटी आलीच नाही. वलगावच्या फाट्यावर मी, बायको अन् अमरावतीच्या बाजारात न्याचं सांबाराचं गाठोडं. तिची माय अमरावतीच्या दवाखान्यात होती. लवकर भेटून घ्या, असा निरोप होता. कितीतरी गाड्यांले हात दाखवला, तेव्हा एक ट्रक थांबला.

"एकच माणूस बसन. बोल, बायको चढवतं का सांबार?" डायवर हसला.

मी बायकोकडं पाहिलं.

"तुमी जा," ती म्हणाली. "हर्रास होऊन जाईन, मंग माल कोन घेते? मी येतो मांगच्या गाडीनं."

अन् मी गाठोडं घेऊन चढलो. हर्रास, म्हणजे बाजारातला लिलाव, चुकली की माल ढोरांपुढं टाकावा लागते, तेवढंच डोक्यात होतं.

तिले कोणी गाडीत घेतलंच नाही. ती पायी आली. दवाखान्यात पोचली, तेव्हा मायचं तोंड झाकलं होतं.

पुढं जन्मभर तिनं त्याचा एक टोमणा मारला नाही. औंदा तीही गेली. भांडली असती तर मले माफी तरी मागता आली असती.