‘आ जाना’ म्हणणाऱ्यांच्या शहरात

आमच्या घरात धंदा कोणी केला नाही. आजोबा फौजेत होते, महूला रिटायर झाले आणि तिथंच राहिले. पप्पा वीज खात्यात लागले आणि आम्ही इंदूरला, सुदामा नगरात आलो. पगार, पेन्शन आणि पोस्टातली ठेव, एवढंच आमचं अर्थशास्त्र. अशा घरातून मी कॉमर्सला गेले आणि वर म्हणाले की मला फायनान्समध्ये काम करायचं आहे. पप्पांनी विरोध केला नाही. ते विरोध करतच नाहीत, अट घालतात.

अट अशी होती. पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत फायनान्समधली इंटर्नशिप स्वतः शोधायची. मिळाली तर पुढचा रस्ता माझा मी ठरवायचा. नाही मिळाली तर जुलैपासून सरकारी परीक्षांच्या कोचिंगला बसायचं आणि कॉलेज जमेल तसं करायचं. कोचिंगवाल्या सरांशी ते बोलूनही आले होते.

“त्या लाइनीत ओळख लागते,” ते म्हणाले. “आपली आहे का कोणी? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

मला राग आला. ते खोटं बोलत असते तर इतका आला नसता. पप्पा वाईट माणूस नाहीत. नोकरीनं त्यांना कधी फसवलं नाही, म्हणून त्यांचा नोकरीवर भरवसा आहे, इतकंच. पण ते कोचिंग मला सारखं डोळ्यांसमोर दिसायचं.

मी शोधायला लागले. इंटरनेटवर जे दिसेल तिथं अर्ज केले. कोणाला तिसऱ्या वर्षाची मुलं हवी होती, कोणाला आधीचा अनुभव. पहिल्यांदा काम मागणाऱ्यानं आधीचा अनुभव कुठून आणायचा, हे कोणी लिहिलं नव्हतं. कॉलेजात प्लेसमेंट बघणारे सर म्हणाले, “फर्स्ट इयर? बेटा, अभी तो एन्जॉय करो.” वर्गातल्या एका मैत्रिणीनं उपाय सुचवला. तिच्या काकांचं ऑफिस होतं, ते सर्टिफिकेट देतील, जायचीसुद्धा गरज नाही. तिला वाटलं ती माझ्यावर उपकार करतेय, आणि करतही होती. मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही.

मे महिन्यात लालबागजवळच्या एका गार्डनमध्ये पप्पांच्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. भुट्ट्याच्या किसाच्या काउंटरवर त्या सहकाऱ्यानं मला एका गृहस्थांसमोर उभं केलं. ते सीए होते, मोठं ऑफिस होतं. मी नमस्कार केला आणि श्वास न घेता सगळं सांगून टाकलं.

“अरे बिटिया, अपना ही ऑफिस है,” ते हातातली प्लेट सावरत म्हणाले. “कभी भी आ जाना.”

“सोमवार से आ जाऊँ, सर?”

“हाँ हाँ, क्यों नहीं!” असं म्हणून ते दहीवड्याकडे वळले.

घरी आल्यावर पप्पा म्हणाले, “ते म्हणायचं असतं. इथं तोंडावर मना कोणी नाही करत. तू खरंच गेलीस तर हात दाखवून अवलक्षण होईल.”

ते बरोबर होते, आणि मलाही ते ठाऊक होतं. मी इथंच वाढले आहे. इंदुरात ‘नाही’ हा शब्द कोणी वापरत नाही. दुकानदाराकडे माल नसला तर तो ‘कल आ जाएगा’ म्हणतो. ज्याला यायचंच नाही तो ‘बस निकल रहा हूँ’ म्हणतो. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, पण वाढतात मात्र फार प्रेमानं.

आई वर्ध्याची. लग्न होऊन इतकी वर्षं इथं आहे, पण हे तिला आजतागायत समजलेलं नाही. कोणी ‘घर आना कभी’ म्हटलं की ती पुढच्या रविवारी जाते. आम्ही लाजेनं मरतो आणि ती लोणच्याची बरणी घेऊन परत येते. ती म्हणाली, “माणूस ये म्हणाला ना? मग जायचं. भीड ही भिकेची बहीण.” सोमवारी सकाळी तिनं डबा भरून हातात दिला.

मी गेले. रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं, “किसके थ्रू?” मी म्हणाले, “सर के ही थ्रू.” सर आले तेव्हा त्यांनी मला ओळखलंच नाही. मी लग्नाची आठवण दिली, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. पण तोंडावर मना करणं त्यांनाही कुठं येत होतं? ज्या भिडेपोटी त्यांनी मला बोलावलं होतं, तीच आता मला हाकलू देत नव्हती.

“अच्छा अच्छा, बैठो. चाय पियो,” ते म्हणाले.

मी बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसले. काम कोणी देत नव्हतं, जा असंही कोणी म्हणत नव्हतं. मी चहा प्यायचे, डबा खायचे, भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचे. फार अपमान वाटायचा. घरी आल्यावर पप्पा “काय शिकलीस?” असं विचारायचे, आणि ते टोमणा मारत नव्हते, याचंच जास्त वाईट वाटायचं.

पुढच्या आठवड्यात ऑफिसातल्या दोघीजणी सुट्टीवर होत्या, म्हणून सीएचं शिक्षण घेत तिथं काम करणाऱ्या एका दीदीसोबत मला शहराबाहेर हातोदला पाठवलं. तिथल्या एका धान्यव्यापाऱ्याला बँकेनं गोदामातल्या गव्हावर कर्ज दिलं होतं. तो गहू खरंच तिथं आहे का, हे बघून बँकेला कळवायचं काम आमच्या ऑफिसकडे होतं.

शेठजींनी आल्या आल्या पोहे मागवले. गोदाम दाखवलं, तर ते अर्धं रिकामं.

“बाकी माल आ रहा है,” ते हसून म्हणाले. “रास्ते में है, बिटिया.”

दीदी बिचारी दमलेली होती. तिनं मान हलवली आणि लिहायला घेतलं. माझ्या तोंडून मात्र थेट आईच बोलली.

“कौन से रास्ते में है, अंकल?”

शेठजी हसले. मी हसले नाही. कुठून निघालाय, ट्रक कोणाचा, ड्रायव्हरला फोन लावता का, असं मी विचारत गेले. मला त्यांना पकडायचं नव्हतं. माल येतोय म्हणाले, तर तो कधी येतो एवढंच मला हवं होतं, कारण तोवर थांबायची माझी तयारी होती. बसून राहण्याचा सराव एव्हाना झालाच होता. पोहे संपले, चहा झाला. शेवटी शेठजी कपाळ पुसत म्हणाले, “अरे बिटिया, वो तो बिक गया.”

दीदीनं ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. सरांनी मला आत बोलावलं. मला वाटलं, आता तरी ‘नाही’ ऐकायला मिळणार.

“तुम हाँ को सच में हाँ समझ लेती हो?” त्यांनी विचारलं.

“जी सर.”

मग त्यांनी दीदीला माझ्यासाठी एक टेबल रिकामं करायला सांगितलं. त्या उन्हाळ्यात मी आणखी तीन गोदामं पाहिली, बँकेची स्टेटमेंट्स जुळवली, आणि ज्या चुका केल्या त्या सरांनी ओरडून दुरुस्त करून घेतल्या. तोंडावर ओरडायला त्यांना काही अडचण नव्हती.

जून संपता संपता एका संध्याकाळी आम्ही जेवत असताना पप्पांचा फोन वाजला. कोचिंगवाले सर होते. नवी बॅच सुरू होत होती. माझा घास हातातच राहिला. अटीप्रमाणे मी जिंकले होते, पण अट पप्पांची होती आणि ती आठवण्याचं कामही त्यांचंच होतं.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आवाजात साखर घोळत ते म्हणाले, “हाँ भिया, क्यों नहीं! अपनी ही क्लास है. आ जाएगी, बिल्कुल आ जाएगी, कभी भी.”

फोन ठेवून त्यांनी आमटी वाढून घेतली.

आई काळजीत पडली. “अहो, मग कधीपासून पाठवायचं हिला? फी भरायला लागेल ना?”

“ते म्हणायचं असतं,” पप्पा म्हणाले.

मला रडू आलं. आई अजून कोचिंगची तारीखच विचारत होती.