बाईंच्या गाडीचा लोगो

त्याचं खरं नाव आता फक्त त्याच्या लायसन्सवर उरलंय. सगळा बाजार त्याला ओळंबा म्हणतो. भिंत सरळ उभी राहतेय की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो ना, तो ओळंबा. हा माणूसही तसाच. कुणाच्या घरी गेला तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करणार, मग पाण्याचा पेला हातात घेणार. एकदा सासऱ्यांच्या खोलीतला फोटो नीट करायला गेला आणि फोटोसकट खिळा हातात आला. बायको म्हणाली, "अहो, माणसांना भेटायला आलोय आपण, मोजमापं घ्यायला नाही!" पण ऐकेल तर शपथ.

गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत, त्यांच्या मागच्या लांबट शेडमध्ये त्याचं काम चालतं. बंपर, आरसे, दिवे, जाळ्या. गाडीच्या तोंडावरचं जे जे फुटतं ते तो बसवतो. इंजिनाला हात लावत नाही. "पोटाचे डॉक्टर पलीकडे," असं सांगून मोकळा होतो. आधी तो मोठ्या वर्कशॉपमध्ये होता. तिथे एका गाडीच्या दारावरची पट्टी किंचित उतरती बसली होती. साहेब म्हणाले, जाऊ दे, गिऱ्हाइकाला काय कळतंय? हा म्हणाला, "मला कळतंय ना." आणि पट्टी उपटून काढली. त्या महिन्यात नोकरीही गेली. तेव्हापासून स्वतःची शेड.

हे वेड त्याला लावलं चित्रकलेच्या बाईंनी. बाकी सगळ्या विषयांत पठ्ठ्याची बोंब होती. गणिताच्या सरांनी तर त्याचं नाव टाकलं होतं. पण बाईंनी एकदा त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि म्हणाल्या, "पट्टीला डोळे नसतात, गाढवा. तुला आहेत." मग वर्षभर त्याच्याकडून हाताने रेघा मारून घेतल्या. वाकडी आली की खोडरबर. पुन्हा वाकडी, पुन्हा खोडरबर. ज्या दिवशी बाई काही न बोलता पुढच्या बाकाकडे गेल्या, तो दिवस त्याला अजून आठवतो. आयुष्यात आपल्याला एक गोष्ट येते, हे त्याला त्या दिवशी कळलं.

त्या बाई मंगळवारी सकाळी त्याच्या दारात गाडी घेऊन आल्या. बाई आता सत्तरीच्या. गाडी वीस वर्षांची. त्यांच्या गल्लीत बाईमाणसाने गाडी चालवायची पहिली हिंमत त्यांनीच केली होती, आणि ते त्या अजून चारचौघांत सांगतात. शेजारच्या सीटवर त्यांचे यजमान, मांडीवर नवी जाळी धरून. त्यांना सगळे काका म्हणतात. काकांनी उभा जन्म लायब्ररीत काढला आणि स्टिअरिंगला कधी बोट लावलं नाही.

गाडीची पुढची जाळी फुटली होती. कंपनीने ती जाळी बनवणं कधीच बंद केलंय, म्हणून काकांनी बाजारातली आणली होती. चांगली होती, पण सपाट. कंपनीचा लोगो बसायला तिच्यात जागाच नव्हती. जुना लोगो मात्र धडधाकट वाचला होता. तळहाताएवढा, लांबट. बाईंनी तो रुमालात गुंडाळून आणला होता.

"हा लावल्याशिवाय मी गाडी नेणार नाही," बाई म्हणाल्या. "नाक कापल्यासारखी दिसते ती."

"लावतो की, बाई. बसा तुम्ही."

आता हे काम दिसतं सोपं. लोगोच्या पाठीला दोन बारीक पाय असतात. ते कंपनीच्या जाळीतल्या भोकांत बसतात. बाजारातल्या जाळीत ती भोकं नाहीत. आळशी माणूस डिंक फासून मोकळा होतो आणि गाडी दोनदा धुतली की लोगो रस्त्यावर. ओळंबा मागून ॲल्युमिनियमची पट्टी घालतो, पट्टीला भोकं पाडतो आणि जाळी मध्ये धरून लोगो मागच्या बाजूने आवळतो. त्याआधी मध्य काढायचा. आणि खरी मेख इथेच आहे, कारण बाजारातली जाळी स्वतःच कधी धड बसत नाही. तिच्या कडेपासून मोजलं की फसलात. बॉनेट बघायचं, दोन्ही दिवे बघायचे आणि मग डोळ्याने ठरवायचं.

त्याने जाळी बसवली, लोगो कागदी टेपने तात्पुरता चिकटवला, चार पावलं मागे जाऊन बघितलं, आणि पट्टी कापायला आत गेला.

बाहेर आला तर बाई गाडीसमोर उभ्या. हात पाठीमागे बांधलेले, वर्गात उभ्या राहायच्या तशाच. आणि टेप एका बाजूने सुटलेली! लोगो एका अंगाला चांगला बोटभर खाली लोंबत होता. ओळंब्याने जीभ चावली. आता पन्नाशीतही कान पिरगाळून घ्यायची वेळ आली म्हणायची.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "अगदी सरळ."

तो हसला. बाई टोमणा मारतायत, दुसरं काय? पण बाई हसल्या नाहीत. त्या मान हलवत, समाधानाने बघत होत्या.

ओळंब्याने पुढे होऊन लोगो हाताने आणखी तिरका केला. आपण हे काय करतोय याची त्याला लाजही वाटली. "आणि आता, बाई?"

"आता तर सुरेखच."

बाईंच्या मागे उभे असलेले काका त्याच्याकडे बघून जोरजोरात मान हलवत होते. नको, नको, बोलू नकोस.

पाणी प्यायचं निमित्त करून काकांनी त्याला शेडच्या आत ओढलं.

"बाईंना दिसत नाही?" ओळंबा कुजबुजला.

"कडेकडेचं दिसतं. मधलं गेलंय. आठ महिने झाले. गाडी बंद करा म्हणून डॉक्टरांनी बजावलंय."

"मग?"

"मग काय! मी शेजारी बसतो. मी सांगतो, ती चालवते. लाल दिवा, हिरवा दिवा, पुढे म्हातारा आहे, थांब. छान जमतं आमचं." काकांच्या आवाजात चक्क थोडा अभिमान होता.

"जाळी कशावर फुटली, काका?"

"खांबावर."

"खांबच होता ना?"

काकांनी हातातला पेला खाली ठेवला. "या वेळी खांबच होता," ते म्हणाले. मग एकदम त्याचा हात धरून म्हणाले, "चित्रं सुटली रे तिची. पुस्तक सुटलं. आता ही गाडीही काढून घ्यायची का? तूच सांग."

ओळंब्याने हात सोडवून घेतला. तो बाहेर आला आणि कामाला लागला. पट्टीला भोकं पाडली, लोगो लावला, मागून आवळला. अर्ध्या तासाचं काम त्याने दीड तास रेटलं. काम संपलं की किल्ली मागायला बाई उठणार, हे त्याला दिसत होतं. बॅटरीची वायर सैल करून "गाडी दोन दिवस राहू दे" म्हणणं सोपं होतं. पण दोन दिवसांनी काय? आणि शाळा सुटली की पोरं घोळक्याने बाईंच्या घराकडच्या रस्त्यावर येतात. त्याला बाईंचा राग आला, काकांचा आला, स्वतःचा तर फारच आला. एवढ्या वर्षांत वाकड्याला सरळ म्हणावंसं त्याला पहिल्यांदाच वाटत होतं.

"झालं का रे? आण किल्ली."

"बाई," तो म्हणाला. "मघाशी तुम्ही सरळ म्हणालात ना, तेव्हा लोगो वाकडा होता. टेप सुटली होती. मग मी मुद्दाम आणखी वाकडा केला. तुम्ही सुरेख म्हणालात."

काकांनी डोळे मिटून घेतले.

"मला शिकवतोस?" बाईंचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. "माझी परीक्षा घेतोस तू? माझी?"

"हो, बाई."

शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. मग बाई गाडीजवळ गेल्या, वाकल्या, लोगोवर हात ठेवला. बोटं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू नेली, मग वर बॉनेटच्या कडेवर, मग परत खाली.

"आता सरळ आहे?"

"आता आहे."

"मला आत्ताही वाकडाच दिसतोय," बाई म्हणाल्या. "मला सगळंच वाकडं दिसतं. दाराची चौकट, जिना, यांचा चेहरा. म्हणून मी ठरवूनच टाकलं, वाकडं दिसलं की सरळ म्हणायचं. बहुतेक वेळा बरोबर येतं." आणि त्यांचा आवाज फुटला. ओळंब्याला आपणही रडणार असं वाटलं, म्हणून तो उगाच फडक्याने हात पुसत राहिला.

बाईंनीच स्वतःला सावरलं. पदराने चेहरा पुसला आणि चालकाच्या दाराकडे न जाता शेजारचं दार चाचपून उघडलं. वीस वर्षांत त्या आपल्याच गाडीत त्या जागेवर पहिल्यांदा बसत होत्या. पट्टा कुठे आहे ते त्यांना सापडेना. ओळंब्याने तो लावून दिला. मग तो स्वतः स्टिअरिंगवर बसला. काका मागे.

गाडी गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागली. काका मागच्या सीटवरून पुढे सरकले, दोघांच्या मध्ये मान घातली आणि सवयीने सुरू झाले, "डावीकडून सायकल येतेय. पुढे ट्रक थांबलाय. सावकाश, सावकाश, लाल दिवा..."

"अहो," बाई म्हणाल्या, "त्याला दिसतंय."